विदादबाईंच्या नऊ स्लाइड

इराकमधल्या अमारा शहरातल्या मुलींच्या शाळेत विदादबाई बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या. या बावीस वर्षांत त्यांना घाम फुटला असेल तर तो फक्त उन्हाळ्यात. पण यंदा फेब्रुवारीत, स्वेटर घालायच्या दिवसांत, शिक्षकांच्या खोलीत बसल्या जागी त्या घामाघूम झाल्या. निमित्त होतं एका पत्राचं. वरच्या कार्यालयाने कळवलं होतं की दहा दिवसांनी पर्यवेक्षक येतील, विदादबाईंचा एक नमुना पाठ बघतील, आणि तो पाठ पडद्यावर, स्लाइड दाखवून घ्यायचा. जिल्ह्यातले जीवशास्त्राचे अकरा शिक्षकही मागे बसून बघणार होते. ज्यांना पडद्यावर शिकवणं जमत नाही, त्यांच्याकडचे विज्ञानाचे वर्ग काढून दुसऱ्यांना द्यावेत, असं पत्राच्या शेवटी अगदी गोड भाषेत लिहिलं होतं.

मुख्याध्यापिका खौलाबाई तशा मनाने वाईट नव्हत्या, पण वेळापत्रक त्या पेन्सिलीने लिहायच्या. अकरावी विज्ञानाच्या चौकटीत विदादबाईंच्या नावाखाली बारीक अक्षरात 'रुसुल' असं लिहिलेलं विदादबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रुसुल म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरगी, विदादबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. तिला अकरावी दिली की विदादबाईंच्या वाट्याला काय उरणार, हेही ठरल्यातच जमा होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि शाळेच्या ग्रंथालयात एक खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर बसून कुलूपबंद कपाटांची राखण करायची, हे विदादबाईंना मुळीच कबूल नव्हतं.

मग त्या कामाला लागल्या. पाठ निवडला हृदयाचा, कारण तो त्यांच्या हातचा मळ होता. लॅपटॉप आणला मुलाच्या खोलीतून. आणि स्लाइडवर काय घालायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मल्झमा होतीच की.

मल्झमा म्हणजे बाईंनी स्वतः तयार केलेल्या नोट्स. इराकमध्ये पाठ्यपुस्तक असतं ते दप्तराला वजन यावं म्हणून, मुली पाठ करतात ती मल्झमा. प्रत्येक नावाजलेल्या शिक्षकाची मल्झमा झेरॉक्सच्या दुकानात मिळते, आणि विदादबाईंची तर बाजारातल्या तिन्ही दुकानांत मिळायची. तिच्यातलं हृदयाचं प्रकरण त्यांनी चार दिवस बसून, एक ओळ न गाळता, स्लाइडवर उतरवलं. चोपन्न स्लाइड झाल्या. प्रत्येकीला हिरवी किनार लावली आणि कोपऱ्यात गुलाब घातला. गुलाब कशाला, असं मुलाने फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, उघडं-बोडकं दिसतं.

रंगीत तालमीला खौलाबाई स्वतः वर्गात येऊन बसल्या. विदादबाईंनी पहिली स्लाइड लावली, आणि छत्तीस मुलींनी वह्या उघडून माना खाली घातल्या. बाई वाचत होत्या, मुली उतरवून घेत होत्या. बाईंनी दुसरी स्लाइड लावली तेव्हा वर्गातून सित्त, म्हणजे बाई, असा एकच ओरडा उठला, की थांबा, अजून झालं नाही. त्या परत मागे गेल्या. मग पुढे, मग परत मागे. चाळीस मिनिटांत नऊ स्लाइड झाल्या आणि तास संपला. हृदयात रक्त शिरायचंच राहिलं.

खौलाबाईंनी त्यांना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, चहा मागवला. दार लावलं तेव्हाच विदादबाई समजल्या.

"विदाद, अयनी, वाईट वाटून घेऊ नकोस," खौलाबाई लाडाने हाक मारत म्हणाल्या. "पण पूर्ण तासात एकाही पोरीने तुझ्याकडे बघितलं नाही. मी मोजत होते."

"लिहीत होत्या त्या."

"तेच म्हणतेय मी. झेरॉक्सवाला तरी निदान वर बघून विचारतो, किती प्रती हव्यात म्हणून."

विदादबाई घरी आल्या त्या तोंड पाडून. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मुलाच्या नावावरून त्यांना सगळे अबू मुहन्नद म्हणत, आणि बाईंना उम्म मुहन्नद. बाईंनी त्यांना दिवाणखान्यात बसवलं, लॅपटॉप समोर ठेवला आणि चोपन्न स्लाइड दाखवायला घेतल्या. सहाव्या स्लाइडला अबू मुहन्नद घोरायला लागले. बाईंनी त्यांना हलवून उठवलं आणि काय कळलं ते विचारलं. त्यांना गुलाब आठवत होता.

खरं तर इथे भांडण व्हायचं. बाईंनी तोंड उघडलंही होतं. पण अबू मुहन्नदांनी डोळे चोळत वेगळंच काढलं.

"हे बघ, उम्म मुहन्नद, मला यातलं काही कळत नाही. पण आपला मुहन्नद नववीत होता तेव्हा तू त्याला स्वयंपाकघराच्या दारावर खडूने हृदय काढून शिकवलं होतंस. मी मासा साफ करत बसलो होतो. तू एक रेघ काढायचीस आणि थांबायचीस. त्याला विचारायचीस, आता रक्त कुठे जाईल? मग दुसरी रेघ. ते मला अजून आठवतंय, झडपा-बिडपांसकट. आमच्या पंपाच्या झडपांसारखंच होतं ते."

विदादबाईंनी लॅपटॉप मिटला.  फळ्यावर आपण एका वेळी एक रेघ काढतो, आणि पडद्यावर मात्र सगळं घमेलं एकदम उपडं करतो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या वर्गात थांबल्या. फळा ओल्या फडक्याने पुसला, रंगीत खडू घेतले, आणि हृदय काढायला सुरुवात केली. एक टप्पा झाला की फोनवर फोटो काढायचा, मग पुढचा टप्पा. पहिल्या फोटोत फक्त एक मूठ होती, अबू मुहन्नदांची, घरीच टिपलेली, कारण हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं. दुसऱ्यात बाहेरची रेघ. तिसऱ्यात मधली भिंत. चौथ्यात झडपा आणि चार कप्पे. पाचव्यात शरीरातून परत येणारं निळं रक्त, सहाव्यात ते फुप्फुसांकडे निघालेलं, सातव्यात लाल होऊन परतलेलं, आठव्यात अंगभर निघालेलं. नवव्या स्लाइडवर चित्र नव्हतं, नुसता एक प्रश्न होता: एखादी झडप नीट बंद झाली नाही तर?

चित्रांवर त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. जे आपण तोंडाने सांगणार ते पडद्यावर कशाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. अक्षर दिसलं की पोरी उतरवून घेणार, आणि उतरवून घ्यायला लागल्या की बाई मेल्या काय, जगल्या काय, सारखंच. हिरवी किनार गेली. गुलाबही गेला, पण तो काढताना बाईंचा हात क्षणभर अडखळला हे खरं.

पाठाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते फोटो रुसुलला दिले आणि नीट बसवून द्यायला सांगितलं. ज्या मुलीला आपला वर्ग जाणार तिच्याकडेच मदत मागायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. पण शाळेत दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. रुसुलने एक छान आराखडा आणला, परदेशी होता. त्यात मथळ्याची पट्टी डावीकडे आणि चित्र उजवीकडे होतं. अरबी वाचन उजवीकडून सुरू होतं, तेव्हा पट्टी उजवीकडेच हवी. रुसुलने एकेका स्लाइडवरचं सगळं एकत्र निवडलं आणि आडवं पलटी मारलं. पट्टी उजवीकडे आली, चित्र डावीकडे गेलं, मथळ्याची अक्षरं जशीच्या तशी सरळ राहिली. दोघींनी पाहिलं, छान दिसतंय म्हणाल्या, आणि चहा प्यायला गेल्या.

पाठाच्या दिवशी सकाळी विदादबाईंनी मुलींना वह्या बंद करायला सांगितल्या. वर्गात कुजबुज सुरू झाली. तबारक नावाची पहिल्या बाकावरची मुलगी तर रडकुंडीला आली, की सित्त, मग आम्ही पाठ काय करायचं? बाईंनी सांगितलं की छापील पानं तास संपल्यावर मिळतील, तोवर हात मोकळे आणि डोळे वर. मुलींनी हात कुठे ठेवावेत हे न कळून ते मांडीवर ठेवले.

पर्यवेक्षक उस्ताद गझवान आले. उंच, खांद्यात वाकलेले, हातात छापील फॉर्म. त्यांच्यामागून अकरा शिक्षक आले आणि खुर्च्यांची करकर करत बसले. शेवटच्या खुर्चीवर रुसुल होती. खौलाबाईंनी जनरेटरवाल्याला सकाळीच दम देऊन ठेवला होता, त्यामुळे विजेची काळजी नव्हती.

पहिली स्लाइड लागली. मूठ बघून मुली हसल्या. बाईंनी त्यांना आपापली मूठ वळून छातीवर ठेवायला लावली. दुसरी, तिसरी, चौथी लागली. एक चित्र, एक प्रश्न, आणि मग बाई चक्क गप्प उभ्या राहायच्या. मुली आधी एकमेकींकडे बघायच्या, मग पडद्याकडे, मग एखादी बोलायची. छत्तीस चेहरे वर होते. बावीस वर्षांत विदादबाईंनी एवढे चेहरे एकदम पाहिले नव्हते, पाहिल्या होत्या त्या भांगाच्या रेघा. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या मागच्या खुर्च्या विसरून गेल्या.

पाचवी स्लाइड लागली. बाईंनी नेहमीप्रमाणे काठी उचलली आणि, शरीरभर फिरून दमलेलं रक्त इथून उजव्या कप्प्यात येतं, असं म्हणत पडद्याच्या डाव्या अंगाला टेकवली. तिथे काहीच नव्हतं. निळी रेघ पडद्याच्या उजव्या अंगाला होती. बावीस वर्षं ज्या जागी त्यांनी निळा खडू टेकवला, ती जागा रिकामी होती.

एका श्वासात त्यांच्या सगळं लक्षात आलं. पलटी मारताना हृदयही पलटलं होतं. दुसऱ्या स्लाइडपासून ते उलटंच होतं. चित्रावर अक्षर एकही नसल्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि अक्षरं तर आपणच हौसेने काढून टाकली होती. त्यांची नजर रुसुलकडे गेली, आणि मनात आलं, मुद्दाम केलं का हिने? रुसुल पांढरीफटक पडली होती. तिलाही दिसलं होतं. तो चेहरा बघून बाईंना आपल्या संशयाचीच शरम वाटली.

आता खरं सांगायचं तर विदादबाईंनी त्या क्षणी लबाडीच केली. मागे बसलेल्यांपैकी कुणी दचकलं नव्हतं. उस्ताद गझवान फॉर्मवर काहीतरी लिहीत होते. बाईंनी काठी गुपचूप निळ्या रेघेवर सरकवली, हा उजवा कप्पा, असं भरभर म्हणून टाकलं आणि पुढची स्लाइड लावायला हात नेला. निभलं असतंही.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. ती गुफरान होती. ही मुलगी वर्षभर वर्गात आहे की नाही हेही कळायचं नाही, इतकी गप्प. बाईंनी न पाहिल्यासारखं केलं. हात खाली जाईना. बाईंनी डोळ्यांनी दटावलं, तरी जाईना.

"बोल, गुफरान," त्या शेवटी म्हणाल्या.

गुफरान उभी राहिली. "सित्त, चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना? मग त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पण निळं रक्त तर आपल्या उजव्या हाताला आहे. म्हणजे ते त्याच्या डाव्या कप्प्यात शिरतंय. आणि हृदयाचं टोकही भलतीकडेच आहे, सित्त. आम्ही मूठ ठेवली होती त्याच्या उलट्या बाजूला."

 उस्ताद गझवानांचं पेन थांबलं. अकरा शिक्षकांनी माना तिरक्या करून पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यातल्या दोघांनी आपले हात वर करून कुठला उजवा हे तपासलं.

विदादबाईंच्या डोळ्यांसमोर ग्रंथालयाची खुर्ची उभी राहिली. बस खाली, असं म्हणायला त्यांची जीभ वळवळली. वर्गात बाईंना टोकणारीला असंच बसवतात, त्यांनाही लहानपणी बसवलं होतं, आणि त्यांनीही पुष्कळांना बसवलं होतं. पण ती मुलगी उभी होती आणि बाकीच्या पस्तीस जणी वर बघत होत्या. आता जर हिला खाली बसवलं, तर या सगळ्या माना परत खाली जातील आणि पुन्हा कधी वर येणार नाहीत, हे बाईंना अगदी स्पष्ट कळलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "चित्र उलटं लागलंय. चूक माझी आहे, मी तपासलं नाही. आणि ऐका, पुढची तीनही उलटीच असणार. ती आता तुम्ही सुलटी करायची. मी काठी ठेवेन, तुम्ही खरी बाजू सांगायची."

आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सहावी स्लाइड लागली तशी अर्धा वर्ग उभा राहिला. कुणी स्वतःच्या छातीवर बोट फिरवून रस्ता शोधत होतं, कुणी शेजारणीला समोर उभं करून तिचा डावा-उजवा बघत होतं. तबारकने एकदा चुकीचं सांगितलं तर चौघी तिच्यावर तुटून पडल्या. सातव्या स्लाइडला लाल रक्त परत आलं, आणि ते खरं कुठे यायला हवं ते बाईंनी विचारायच्या आधीच छत्तीस जणी बोटं दाखवून मोकळ्या झाल्या. नववी स्लाइड, ती झडपेची, लागली तेव्हा तास संपायला सहा मिनिटं होती. ती सहा मिनिटं मुलीच बोलल्या. छापील पानं वाटायची राहूनच गेली, आणि ती कुणी मागितलीही नाहीत.

घंटा झाली. मुली बाहेर पडल्या आणि बाई खुर्चीत बसल्या.

खौलाबाईंच्या खोलीत चहाचे पेले फिरले, खजूर घातलेली क्लेचाची बिस्किटं फिरली. विदादबाईंचा हात पेल्याकडे जाईना. शिक्षक आपसांत बोलत होते. एक म्हणाला, चूक मुद्दाम पेरायची ही युक्ती भारी आहे, मीही करणार. दुसऱ्यानेही मान डोलावली. उस्ताद गझवान फॉर्म मांडीवर ठेवून विदादबाईंकडे वळले.

"सित्त विदाद, ते चित्र तुम्ही मुद्दाम उलटं लावलं होतं का?"

खोलीत सगळे ऐकत होते. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. रुसुल दाराशी पेला हातात धरून उभी होती.

"नाही, उस्ताद," विदादबाई म्हणाल्या. "ती चूकच होती. आणि मला ती गुफरानच्या आधी दिसली होती. मी दडपून पुढे जाणार होते."

 उस्ताद गझवानांनी फॉर्म फिरवून बाईंच्या समोर धरला. तिसऱ्या ओळीत छापलं होतं: चित्रे अचूक आहेत काय? त्यापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: अत्यंत अचूक. त्यावर आता एक जाड काट होती, घाईघाईने मारलेली.

"मी एकतीस वर्षं या विषयात आहे, सित्त," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरगी उठली नसती तर मी ही ओळ सहीशिक्क्यानिशी वर पाठवली असती. चूक दिसली तेव्हा तुम्हाला घाम फुटला असेल ना? मला किती फुटला ते मी जॅकेट घातलंय म्हणून दिसलं नाही."

आधी खौलाबाई हसल्या, मग बाकीचे. विदादबाईंना हसताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. उस्तादांनी फॉर्मच्या शेवटी सगळ्यांसमोर लिहिलं, की हा वर्ग या शिक्षिकेकडून काढू नये. खौलाबाईंनी ड्रॉवरमधून वेळापत्रक काढलं, आणि खोडरबर सापडेना तेव्हा थुंकी लावून बोटानेच ते बारीक अक्षर घासून टाकलं. कागदाला भोक पडायचं राहिलं.

निघताना रुसुल जवळ आली. माफी मागायला तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. रडता रडता म्हणाली, "सित्त, तुमचा वर्ग मला देणार म्हटल्यापासून मी नीट जेवले नाहीये. गुफरानने हे मला विचारलं असतं तर मी काय केलं असतं?"

"खाली बसवलं असतंस," विदादबाई म्हणाल्या. "मीही बसवणारच होते." त्यांनी तिच्या हातात एक बिस्किट कोंबलं आणि ते संपेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

घरी अबू मुहन्नद फाटकातच उभे होते. कसं झालं, असं त्यांनी विचारलं नाही, बाईंच्या चालण्यावरूनच त्यांना कळलं. बाईंनी पिशवी ठेवली, बूट काढले, जमिनीवर बैठक मारली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना दोनदा हसल्या. वर्ग राहिला, हे सांगून झालं तरी त्या उठल्या नाहीत. अबू मुहन्नदांनी विचारलं, आता आणखी काय?

"बावीस वर्षं शिकवलं मी," विदादबाई म्हणाल्या. "त्यात आजवर एकाही पोरीने माझी चूक पकडली नव्हती. आणि मी वेडी समजत होते, की मी चुकतच नाही."